पॅकेजच्या इन्स्टॉल स्क्रिप्टमधून कॉन्फिग फाइल सुरक्षितपणे कशी बदलावी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान डेब (डेबियन, उबंटू) आणि आरपीएम (रेड हॅट, फेडोरा) या लिनक्स पॅकेजांच्या बांधणाऱ्यांसाठी आहे. उदाहरणांमध्ये पॅकेजचं नाव 'अबक' आणि फाइलचं नाव /ईटीसी/अबक.कॉन्फ असं धरलं आहे. खालची जवळजवळ सगळी उत्तरं एकाच गोष्टीवर उभी आहेत: /ईटीसी या सेटिंगच्या डिरेक्टरीतली फाइल एकदा मशीनवर उतरली की ती त्या मशीनच्या ॲडमिनची होते. स्क्रिप्टला तिथे हात घालायचा असेल तर ॲडमिनने लिहिलेलं एक अक्षरही हरवता कामा नये.

मुळात इन्स्टॉल स्क्रिप्टमधून कॉन्फिग फाइल बदलावी का?

शक्यतो नाही. आधी पुढचे पर्याय याच क्रमाने तपासा. डीफॉल्ट मूल्य प्रोग्रामच्या कोडमध्येच ठेवता येतं का? म्हणजे फाइल रिकामी असली किंवा नसलीच तरी प्रोग्राम नीट चालेल. ते जमत नसेल तर 'अबक.डी' सारखी डिरेक्टरी वाचण्याची सोय आहे का? असेल तर स्वतःची छोटी फाइल तिथे टाका आणि मुख्य फाइलला हात लावू नका. तेही नसेल तर फाइल पॅकेजमध्येच भरा आणि तिचा सांभाळ पॅकेज मॅनेजरवर सोडा. मूल्य मशीनगणिक बदलत असेल आणि इन्स्टॉलच्या वेळीच ठरत असेल, तरच स्क्रिप्टकडे वळा.

'कॉन्फाइल' आणि साधी कॉन्फिगरेशन फाइल यांत फरक काय?

कॉन्फाइल म्हणजे डीपीकेजी, म्हणजे डेबचा पॅकेज मॅनेजर, स्वतः ज्या फाइलचा हिशेब ठेवतो ती. डेब बांधण्यासाठी डेबहेल्पर हे साधन वापरत असाल तर पॅकेजमध्ये /ईटीसीखाली भरलेल्या सगळ्या फाइली आपोआप कॉन्फाइल म्हणून नोंदल्या जातात. अपग्रेडच्या वेळी डीपीकेजी तीन चेकसम (फाइलच्या मजकुरावरून काढलेल्या खुणा) ताडून पाहतो: मागच्या पॅकेजने दिलेल्या फाइलचा, आत्ता डिस्कवर असलेल्या फाइलचा आणि नव्या पॅकेजमधल्या फाइलचा.

ॲडमिनने काही बदललं नसेल तर नवी फाइल मुकाट्याने बसते. ॲडमिनने बदललं आहे पण पॅकेजची फाइल तीच आहे, तर ॲडमिनची फाइल तशीच राहते. दोन्हीकडे बदल असेल तर प्रश्न विचारला जातो आणि नुसतं एंटर दाबलं तर जुनी फाइल टिकते. नवी मग .डीपीकेजी-डिस्ट या शेपटासह शेजारी ठेवली जाते. नवी स्वीकारली तर जुनी .डीपीकेजी-ओल्ड म्हणून उरते. ॲडमिनने फाइल काढून टाकली असेल तर तोही बदलच धरला जातो आणि फाइल परत आणली जात नाही.

साध्या कॉन्फिगरेशन फाइलला हे संरक्षण नसतं. ती स्क्रिप्ट तयार करते, त्यामुळे सांभाळायची जबाबदारीही स्क्रिप्टचीच.

माझ्याच पॅकेजची कॉन्फाइल माझ्याच पोस्टइन्स्टने बदलली तर बिघडतं कुठे?

पुढच्या अपग्रेडला. पोस्टइन्स्ट म्हणजे पॅकेज बसल्यावर चालणारी स्क्रिप्ट. तिने एक ओळ बदलली की डिस्कवरचा चेकसम मूळपेक्षा वेगळा होतो. डीपीकेजीच्या दृष्टीने तो बदल ॲडमिनने केलेला असतो. पॅकेजची फाइल पुढे कधीतरी बदलली की ज्याने त्या फाइलला कधी हात लावला नाही त्याला 'तुम्ही ही फाइल बदलली आहे, आता काय करू' असा प्रश्न येतो.

खरं नुकसान मात्र शांतपणे होतं. अपडेट आपोआप बसवणारा अनअटेंडेड-अपग्रेड्स हा प्रोग्राम असा प्रश्न येणार हे आधी ओळखतो आणि ते पॅकेज वगळतो. म्हणजे तुमच्या एका ओळीमुळे सुरक्षेचं अपडेट शेकडो मशीनवर अडकून राहू शकतं, आणि कुठेही एरर दिसत नाही. डेबियन पॉलिसीने हे सरळ निषिद्ध केलं आहे ते म्हणूनच: मेंटेनर स्क्रिप्टने (पोस्टइन्स्टसारख्या पॅकेजमधल्या स्क्रिप्टने) कोणत्याही पॅकेजची कॉन्फाइल बदलायची नाही, स्वतःच्या पॅकेजचीही नाही.

आरपीएममध्ये हेच कसं चालतं?

आरपीएम प्रश्न विचारत नाही. स्पेक फाइलमध्ये (पॅकेज कसं बांधायचं ते सांगणाऱ्या फाइलमध्ये) फाइलला 'कॉन्फिग' अशी खूण असेल आणि दोन्हीकडे बदल झाला असेल, तर नवी फाइल बसते आणि ॲडमिनची .आरपीएमसेव्ह म्हणून बाजूला जाते. 'कॉन्फिग नोरिप्लेस' अशी खूण असेल तर ॲडमिनची जागेवर राहते आणि नवी .आरपीएमन्यू म्हणून शेजारी येते. हाताने बदलायच्या फाइलला जवळपास नेहमी नोरिप्लेसच द्या. नुसतं 'कॉन्फिग' तेव्हाच, जेव्हा जुन्या फाइलवर नवा प्रोग्राम सुरूच होऊ शकत नाही.

स्क्रिप्टने तयार केलेल्या फाइलला 'घोस्ट' अशी खूण द्या, म्हणजे ती फाइल कोणत्या पॅकेजची हे आरपीएमला ठाऊक राहतं.

मूल्य मशीनप्रमाणे ठरतं, म्हणून कॉन्फाइल चालत नाही. मग?

डेबवर यूसीएफ हे कॉन्फिगरेशन फाइली सांभाळणारं साधन वापरा. पोस्टइन्स्टमध्ये फाइल थेट /ईटीसीमध्ये लिहू नका. आधी तात्पुरत्या जागी पूर्ण फाइल तयार करा आणि मग यूसीएफला दोन मार्ग द्या: तयार केलेली फाइल आणि तिची /ईटीसीमधली जागा. कॉन्फाइलसारखीच तुलना तो करतो, आणि ॲडमिनचे बदल आढळले तरच विचारतो. त्रिमार्गी विलीनीकरणाचा पर्याय दिला तर दोन्हीकडचे बदल एकत्र करण्याचा मार्गही ॲडमिनपुढे येतो.

दोन गोष्टी हमखास विसरल्या जातात. यूसीएफआर ही जोडीची आज्ञा चालवून फाइल तुमच्या पॅकेजच्या नावावर नोंदवायची असते. आणि पर्जच्या वेळी, म्हणजे पॅकेज कॉन्फिग फाइलींसकट काढताना, यूसीएफ आणि यूसीएफआर या दोन्हींच्या नोंदी पुसायच्या असतात. त्या वेळी यूसीएफ मशीनवर असेलच असं नाही, म्हणून आज्ञा आहे का ते पाहूनच चालवा. आणि एकच फाइल एकाच वेळी कॉन्फाइल आणि यूसीएफची फाइल कधीही असू देऊ नका.

डेबकॉन्फमधून घेतलेली उत्तरं फाइलमध्ये लिहिताना काय सांभाळायचं?

डेबकॉन्फ म्हणजे इन्स्टॉलच्या वेळी प्रश्न विचारणारी डेबची सोय. तिचा डेटाबेस हा उत्तरांचा तात्पुरता साठा आहे, सेटिंगचं घर नाही. खरं मूल्य फाइलमधलंच. नेहमीची चूक अशी: इन्स्टॉल करताना पोर्ट ८०८० असं उत्तर मिळालं. नंतर ॲडमिनने फाइलमध्ये हाताने ९०९० केलं. पुढच्या अपग्रेडला पोस्टइन्स्टने डेबकॉन्फमधलं जुनं ८०८० काढून पुन्हा फाइलवर लिहिलं. ॲडमिनचं काम गेलं, तेही न विचारता.

उपाय कॉन्फिग स्क्रिप्टमध्ये, म्हणजे हे प्रश्न विचारणाऱ्या स्क्रिप्टमध्ये आहे. प्रश्न विचारण्याआधी फाइल अस्तित्वात असेल तर ती वाचा, आतलं मूल्य 'डीबी_सेट' आज्ञेने डेबकॉन्फमध्ये भरा, आणि मग प्रश्न विचारा. असं केलं की न विचारताच पुढे गेलेल्या अपग्रेडलाही ९०९० हेच मिळतं.

डेबकॉन्फ सुरू असताना स्क्रिप्टचं स्टँडर्ड आउटपुट त्याच्याकडे असतं, हेही लक्षात असू द्या. संदेश छापायचा असेल तर स्टँडर्ड एररवर छापा, नाहीतर तो आज्ञा म्हणून वाचला जाऊ शकतो आणि स्क्रिप्ट मध्येच कोलमडू शकते.

'सेड -आय' एका ओळीत काम करतो. त्यात वाईट काय?

सेड म्हणजे मजकुरात शोधून बदल करणारी आज्ञा. '-आय' देऊनही तो फाइल जागच्या जागी बदलत नाही. त्याच डिरेक्टरीत नवी फाइल लिहून ती जुन्या नावावर आणतो. त्यामुळे /ईटीसी/अबक.कॉन्फ ही सिमलिंक (दुसऱ्या जागच्या फाइलकडे बोट दाखवणारी लिंक) असेल, समजा ॲडमिनने खरी फाइल गिटच्या रिपॉझिटरीत ठेवली आहे, तर सिमलिंक जाते आणि तिथे साधी फाइल येते. रिपॉझिटरीतली फाइल जशीच्या तशी. ॲडमिन तिथे बदल करत राहतो आणि प्रोग्रामपर्यंत काहीच पोचत नाही. ग्नू सेडमध्ये सिमलिंक पाळण्याचा पर्याय आहे, पण तो मुद्दाम द्यावा लागतो.

दुसरं, पॅटर्न एकाही ओळीला लागला नाही तरी सेड यशस्वी झाल्याचंच सांगतो. ॲडमिनने 'पोर्ट=' ऐवजी 'पोर्ट =' असं एक स्पेस देऊन लिहिलं असेल तर बदल होत नाही आणि स्क्रिप्ट समाधानाने पुढे जाते. म्हणून बदलानंतर अपेक्षित ओळ फाइलमध्ये आहे का, हे ग्रेप या शोधणाऱ्या आज्ञेने पाहिलंच पाहिजे.

तिसरं, कंटेनरमध्ये ती एकच फाइल बाहेरून माउंट केलेली असेल तर नाव बदलण्याची पायरी 'डिव्हाइस बिझी' म्हणून फसते. अशा वेळी फाइल बाहेरून कोणीतरी सांभाळतो आहे असं समजा, इशारा छापा आणि फाइल सोडून द्या. इन्स्टॉल त्यासाठी पाडू नका.

मग बदल करण्याची सुरक्षित पद्धत कोणती?

१. खरी फाइल कुठे आहे ते 'रीडलिंक -एफ'ने शोधा. ज्या डिरेक्टरीत रूटशिवाय दुसऱ्या यूझरला लिहिता येतं तिथे मात्र सिमलिंकच्या मागे जाऊ नका. सर्व्हिसचा यूझर ती लिंक /ईटीसी/शॅडो या पासवर्डच्या फाइलकडे वळवू शकतो, आणि स्क्रिप्ट रूट म्हणून चाललेली असते.

२. त्याच डिरेक्टरीत 'एमकेटेम्प'ने तात्पुरती फाइल करा. /टीएमपीमध्ये नको. तिथून हलवताना फाइल सिस्टिम वेगळी असली तर 'एमव्ही' प्रत्यक्षात कॉपी करतो, आणि मध्येच वीज गेली तर अर्धी फाइल उरते. एसईलिनक्स (फाइलवरच्या लेबलनुसार प्रवेश ठरवणारी सुरक्षा व्यवस्था) असेल तर /टीएमपीचं लेबलही सोबत येतं आणि सर्व्हिसला फाइल उघडता येत नाही.

३. मूळ फाइल 'सीपी -ए'ने त्या तात्पुरत्या फाइलवर कॉपी करा. ही पायरी जास्तीची वाटते, पण तिच्यामुळेच मालक आणि परवानग्या टिकतात. एमकेटेम्पची फाइल ०६०० परवानगीने जन्मते, म्हणजे ती फक्त मालकालाच वाचता-लिहिता येते. ती तशीच जागेवर नेली तर रूटला सगळं ठीक दिसतं, आणि 'अबक' यूझरने चालणारी सर्व्हिस मात्र 'परमिशन डिनाइड' म्हणत बंद पडते. तीही लगेच नाही, पुढच्या रीस्टार्टला.

४. आता मूळ फाइल वाचून सेड किंवा ऑकचं आउटपुट तात्पुरत्या फाइलमध्ये वळवा. आधीच असलेल्या फाइलवर लिहिल्याने परवानग्या बदलत नाहीत.

५. तात्पुरती फाइल रिकामी नाही ना ते पाहा. 'सीएमपी'ने मूळ फाइलशी ताडा. दोन्ही सारख्या असतील तर तात्पुरती पुसा आणि थांबा.

६. प्रोग्रामच्या स्वतःच्या तपासणीतून फाइल जाऊ द्या. एनजिनएक्स आणि एसएसएचडी यांना 'टी' हा पर्याय आहे, सुडोअर्ससाठी 'व्हिसुडो -सी' आहे.

७. 'सिंक'ला तात्पुरत्या फाइलचं नाव देऊन मजकूर डिस्कवर उतरवा, मग 'एमव्ही -एफ'. एकाच फाइल सिस्टिमवर हे नाव बदलणं अखंड असतं: वाचणाऱ्याला पूर्ण जुनी किंवा पूर्ण नवी फाइल मिळते, अर्धवट कधीच नाही.

सुरुवातीलाच 'ट्रॅप' लावून ठेवा, म्हणजे मध्ये कुठेही बाहेर पडलात तरी तात्पुरती फाइल मागे उरणार नाही. ज्या डिरेक्टरीतल्या सगळ्या फाइली सर्व्हिस वाचते, तिथे तात्पुरत्या फाइलच्या नावाआधी टिंब द्या.

पासवर्ड सेडने भरला आणि फाइलचा विचका झाला. का?

सेडच्या बदली मजकुरात '&' या चिन्हाचा अर्थ 'जो मजकूर सापडला तो' असा आहे. फाइलमध्ये 'पासवर्ड=बदला' अशी ओळ आहे आणि ॲडमिनने 'नदी&डोंगर' हा पासवर्ड दिला, तर फाइलमध्ये हे उतरतं:

पासवर्ड=नदीपासवर्ड=बदलाडोंगर

तिरकी रेघ आली तर सेडची आज्ञाच तुटते. बॅकस्लॅशही गिळला जातो. ही तिन्ही चिन्हं आधी एस्केप करावी लागतात. आमचा सल्ला असा की बाहेरून आलेलं मूल्य सेडमध्ये घालूच नका. ऑकला ते एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून द्या आणि आत 'एन्व्हायरन' मधून वाचा. 'ऑक -व्ही'ने दिलं तर बॅकस्लॅशचा अर्थ तिथेही लावला जातो. शिवाय आज्ञेच्या ओळीवर लिहिलेला पासवर्ड 'पीएस'मध्ये (चालू प्रोसेसच्या यादीत) इतर यूझरना दिसू शकतो.

पासवर्ड असलेली फाइल नव्याने करायची असेल तर उमास्क ०७७ (नव्या फाइलवर मालकाशिवाय कोणालाच परवानगी नाही) आधी लावा, मजकूर नंतर लिहा. आधी लिहून मग 'सीएचमॉड' केलं तर मधल्या क्षणात ती सगळ्यांना वाचता येते.

दरवेळी तीच ओळ पुन्हा जोडली जाते. कसं थांबवायचं?

पोस्टइन्स्ट कितीही वेळा चालू शकते: रीइन्स्टॉलला, अर्धवट राहिलेलं कॉन्फिगर पुन्हा करताना, डीपीकेजी-रीकॉन्फिगरने. म्हणून ओळ जोडण्याआधी ती आहे का ते पाहा. पूर्ण ओळ शब्दशः ताडायची असेल तर ग्रेपला 'क्यूएक्सएफ' हे तिन्ही पर्याय एकत्र द्या. नाहीतर '१०.०.०.१' मधलं टिंब कुठल्याही अक्षराला जुळतं.

आणि शेवटच्या ओळीनंतर न्यूलाइन आहे का तेही पाहा. काही एडिटर ती टाकत नाहीत. फाइल 'पोर्ट=८०८०' वर संपत असेल आणि तुम्ही 'लॉग=चालू' जोडलं, तर 'पोर्ट=८०८०लॉग=चालू' अशी एकच ओळ तयार होते आणि दोन्ही सेटिंग जातात. 'टेल -सी १'ने शेवटचा बाइट तपासा.

तुम्ही जोडलेली ओळ ॲडमिनने मुद्दाम काढली असेल तर? ती पुन्हा जोडू नका. म्हणूनच जोडण्याचं काम फक्त पहिल्या इन्स्टॉलला, किंवा एका ठरावीक व्हर्जनवरून येतानाच करायचं.

पहिलं इन्स्टॉल की अपग्रेड, हे स्क्रिप्टला कसं कळतं?

डेबमध्ये पोस्टइन्स्टला पहिलं आर्ग्युमेंट 'कॉन्फिगर' मिळतं आणि दुसरं म्हणजे याआधी कॉन्फिगर झालेलं व्हर्जन. पहिल्या वेळी ते रिकामं असतं. व्हर्जनची तुलना 'डीपीकेजी --कम्पेअर-व्हर्जन्स'नेच करा, शेलच्या तुलनेने नाही. त्यात 'एलटी' (पेक्षा जुनं) रिकाम्या व्हर्जनला सर्वांत जुनं मानतो आणि 'एलटी-एनएल' सर्वांत नवं. स्थलांतराचं काम नव्या मशीनवर चालू नये म्हणून 'एलटी-एनएल' घ्या. व्हर्जनच्या शेवटी '~' लावा, म्हणजे बॅकपोर्टही (जुन्या डेबियनसाठी पुन्हा बांधलेली पॅकेजं) योग्य बाजूला पडतात.

आरपीएममध्ये पहिलं आर्ग्युमेंट हा आकडा असतो: काम पूर्ण झाल्यावर त्या पॅकेजच्या किती प्रती उरतील तो. पोस्टमध्ये (बसवल्यानंतरच्या स्क्रिप्टमध्ये) १ म्हणजे नवं इन्स्टॉल, २ किंवा जास्त म्हणजे अपग्रेड. पोस्टअनमध्ये (काढल्यानंतरच्या स्क्रिप्टमध्ये) ० म्हणजे खरंच काढलं जातंय. अपग्रेडला नव्या पॅकेजचं पोस्ट आधी चालतं आणि जुन्याचं पोस्टअन त्याच्यानंतर. पोस्टअनमध्ये आकडा न तपासता फाइल पुसली असेल तर नव्या पॅकेजने नुकतीच तयार केलेली फाइल जुनं पॅकेज जाता जाता पुसून टाकतं.

दुसऱ्या पॅकेजच्या फाइलमध्ये बदल हवा आहे.

त्या पॅकेजने दिलेली सोय वापरा: त्याची आज्ञा किंवा त्याची '.डी' डिरेक्टरी. दोन्ही नसेल तर त्या पॅकेजच्या मेंटेनरकडे सोय मागा. कॉन्फाइलवर 'डीपीकेजी-डायव्हर्ट' (फाइल दुसऱ्या नावावर वळवणारी आज्ञा) लावू नका, डीपीकेजीला ते नीट पेलत नाही.

'.डी' डिरेक्टरीत फाइल टाकली, पण सेटिंग लागू होत नाही.

आधी नाव पाहा. सुडोअर्स.डीमध्ये नावात टिंब असलेली किंवा '~'ने संपणारी फाइल वाचलीच जात नाही. डेबियनच्या क्रॉन.डीमध्येही टिंबवाली नावं वगळली जातात. याउलट काही प्रोग्रामना .कॉन्फ हे शेपूट लागतंच.

मग क्रम पाहा. सिसकंट्रोल.डीमध्ये एकच सेटिंग दोनदा आलं तर शेवटचं जिंकतं. एसएसएचडीमध्ये उलट, पहिलं सापडलेलं मूल्य धरलं जातं. म्हणून ९९ने सुरू होणारी फाइल सिसकंट्रोलला बरोबर आहे, पण एसएसएचडीला तेच नाव दिलं तर ती सगळ्यांच्या मागे पडते.

फाइल यॅमल किंवा जेसनमध्ये असेल तर?

ओळीओळीने बदलू नका, ते स्वरूप समजणारं साधन वापरा. जेसनला जेक्यू आहे, अनेक जुन्या स्वरूपांना ऑजियस आहे. यॅमल वाचून परत लिहिणारी बरीच साधनं ॲडमिनच्या टिपा आणि मांडणी पुसतात. म्हणून अशी फाइल स्क्रिप्टने बदलायचीच नाही, हेच बरं. साधन वापरत असाल तर ते पॅकेजच्या डिपेंडन्सीमध्ये लिहा.

'सेट -ई' असूनही, किंवा त्याच्यामुळेच, स्क्रिप्ट अचानक थांबते.

ग्रेपला काही सापडलं नाही तर तो १ परत करतो आणि 'सेट -ई' स्क्रिप्ट तिथेच संपवतो. ग्रेप 'इफ'च्या अटीत घाला. मागे सरसकट 'किंवा ट्रू' लावलं तर खरी चूकही झाकली जाते: फाइल वाचताच आली नाही तर ग्रेप २ देतो. डेबमध्ये पोस्टइन्स्ट फसली की पॅकेज अर्धवट कॉन्फिगर अवस्थेत अडकतं आणि पुढची प्रत्येक ॲप्ट आज्ञा त्यावर ठेचकाळते. आरपीएममध्ये पोस्ट फसलं तर इशारा येतो, पॅकेज मात्र बसलेलंच राहतं.

फाइलचं नाव किंवा जागा बदलायची आहे.

कॉन्फाइल असेल तर 'डीपीकेजी-मेंटस्क्रिप्ट-हेल्पर'चा 'एमव्ही_कॉन्फाइल', काढायची असेल तर 'आरएम_कॉन्फाइल'. प्रीइन्स्ट (बसवण्याआधीची), पोस्टइन्स्ट आणि पोस्टआरएम (काढल्यानंतरची) या तिन्ही स्क्रिप्टमध्ये तो त्याच आर्ग्युमेंटसह लागतो. डेबहेल्परची '.मेंटस्क्रिप्ट' फाइल वापरली की हे आपोआप होतं. ॲडमिनने बदललेली फाइल काढली जाते तेव्हा ती .डीपीकेजी-बॅक म्हणून उरते.

पॅकेज काढताना फाइलचं काय?

रिमूव्हला ठेवायची, पर्जला पुसायची. पर्जच्या वेळी तुमच्या डिपेंडन्सी मशीनवर नसतील असंच धरून पोस्टआरएम लिहा.

प्रसिद्ध करण्याआधी काय काय तपासायचं?

स्वच्छ क्रूटमध्ये (मुख्य सिस्टिमपासून वेगळ्या केलेल्या डिरेक्टरीतल्या सिस्टिममध्ये) पुढच्या स्थिती प्रत्यक्ष करून पाहा: नवं इन्स्टॉल, न बदललेल्या फाइलवर अपग्रेड, बदललेल्या फाइलवर अपग्रेड, ॲडमिनने पुसलेली फाइल, सिमलिंक केलेली फाइल, पोस्टइन्स्ट लागोपाठ दोनदा, रिमूव्हनंतर पुन्हा इन्स्टॉल, आणि पर्ज. पायूपार्ट्स हा पॅकेज तपासणारा प्रोग्राम यातल्या बऱ्याच गोष्टी आपोआप करतो. बदललेली, पुसलेली आणि सिमलिंकवाली फाइल मात्र हातानेच तयार करावी लागते, आणि चुका बहुतेक तिथेच सापडतात. दुसऱ्यांदा चालवल्यावर /ईटीसीमध्ये एका बाइटचाही फरक पडता कामा नये.

चुकीची स्क्रिप्ट आधीच लोकांच्या मशीनवर गेली आहे. आता?

तिथली जुनी स्क्रिप्ट तुम्हाला बदलता येत नाही. अपग्रेडला ती एकदा चालणारच. डेबमध्ये जुनी प्रीआरएम (काढण्याआधीची स्क्रिप्ट) फसली तर डीपीकेजी नव्या पॅकेजची प्रीआरएम 'फेल्ड-अपग्रेड' असं सांगून चालवतो. दुरुस्ती तिथे ठेवा. जुनी पोस्टआरएम फसली तरी हीच सवलत नव्या पोस्टआरएमला मिळते. पण जुनी स्क्रिप्ट न फसता नुकसान करत असेल तर हा मार्ग मिळत नाही. मग नव्या प्रीइन्स्टमध्ये फाइलची प्रत काढून ठेवावी लागते, जर फाइल तोवर शाबूत असेल तर. आरपीएममध्ये जुन्या पोस्टअनने फाइल पुसण्याचा धोका असेल तर नव्या प्रीमध्ये (बसवण्याआधीच्या स्क्रिप्टमध्ये) प्रत काढा आणि ती परत ठेवण्याचं काम पोस्टट्रान्समध्ये लिहा, कारण ते जुन्या पोस्टअनच्याही नंतर, सगळा व्यवहार संपल्यावर चालतं. ही दुरुस्ती पुढच्या एकाच व्हर्जननंतर काढून टाकू नका. मधली व्हर्जनं वगळून थेट जुन्यावरून नव्यावर येणारी मशीन नेहमीच असतात.